जाड आणि मजबूत पोलादात हायड्रोजनचा तडा कसा टाळायचा: नव्या वेल्डरसाठी पायरीपायरीने

शनिवारी संध्याकाळी जॉब पूर्ण झाला. ३० मिमी प्लेटचे चार ब्रॅकेट होते, पोलाद उच्च ताकदीचं आणि बीड (वेल्डची रेघ) बघत राहावी अशी. डीपी (लाल द्रव लावून तडे शोधायची तपासणी) मारली, तेव्हा कुठेही लाल रेघ दिसली नाही. सोमवारी सकाळी रंगाला देण्याआधी हेल्परने कापडाने जॉब पुसला आणि विचारलं, "साहेब, हा केस कसला?" बीड आणि प्लेट जिथे भेटतात त्या कडेला केसासारखी बारीक रेघ होती, वीतभर लांब. जुलै महिना होता. भोसरीत आठवडाभर पाऊस लागून राहिला होता आणि रॉडचा डबा तीन दिवस उघडा पडला होता.

तो तडा शनिवारी नव्हताच. तो रविवारी, शॉप बंद असताना पडला. हायड्रोजनच्या तड्याचं वागणं असंच असतं, म्हणून साध्या माइल्ड स्टीलवर हात बसलेला चांगला वेल्डरही इथे फसतो. टिपरची बॉडी, क्रेनचा बूम, एक्स्कॅव्हेटरची बकेट, प्रेसची फ्रेम अशी कामं तुमच्याकडे पहिल्यांदाच आली असतील, तर पुढच्या पायऱ्या एकदा नीट वाचा आणि मग होल्डर हातात घ्या.

आधी कारण समजून घ्या

आर्कच्या उष्णतेत रॉडमधल्या किंवा गंजातल्या पाण्याचे तुकडे होतात आणि हायड्रोजन सुटा होतो. वितळलेलं पोलाद तो भरपूर शोषून घेतं. धातू गोठला की त्यात तेवढी जागा उरत नाही आणि हायड्रोजन अडकून पडतो. त्याचा अणू इतका लहान असतो की तो घन पोलादातूनही सरकत राहतो. बीडमधून तो शेजारच्या पट्ट्यात उतरतो. हा पट्टा वितळलेला नसतो, पण कडक तापून झपाट्याने थंड झालेला असतो. शॉपमध्ये त्याला एचएझेड म्हणतात. पोलादात कार्बन आणि इतर मिश्रधातू जास्त असले तर हा पट्टा तलवारीच्या धारेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. वर बीड आकसत असते, म्हणजे ओढ लागलेलीच असते. हायड्रोजन, कडक पट्टा आणि ओढ हे तिन्ही एकत्र आले आणि जॉबचं तापमान साधारण १५० अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की तडा सुरू होऊ शकतो. कधी तासाभरात, कधी दोन दिवसांनी.

तिघांपैकी एकाला जरी बाजूला काढलं तरी तडा पडत नाही. ओढ पूर्ण काढता येत नाही. पोलाद तर ग्राहकानेच ठरवून दिलेलं असतं. त्यामुळे वेल्डरच्या हातात मुख्यतः दोनच गोष्टी उरतात. पाणी आत येऊ द्यायचं नाही, आणि जो हायड्रोजन आत गेलाच त्याला बाहेर पडायला वेळ आणि ऊब द्यायची.

हायड्रोजन बाहेर पडतो ही गोष्ट नवी नाही. १८७५ साली इंग्लंडमध्ये विल्यम जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं की आम्लात बुडवलेलं लोखंड ठिसूळ होतं, मोडलेलं तोंड ओलं केलं की त्यातून बुडबुडे येताना दिसतात, आणि ते तसंच काही काळ ठेवलं तर पुन्हा पहिल्यासारखं चिवट होतं. आज आपण प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) आणि पोस्टहीट (वेल्डिंगनंतर तापवणं) करतो ते हेच बाहेर पडणं वेगाने व्हावं म्हणून.

पायरी १: प्लेटची टीसी वाचा

प्लेटबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. ते स्टोअरच्या फाइलमध्ये जातं आणि वेल्डरच्या नजरेस पडत नाही. ते मागून घ्या. त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक) प्लेटवर ठोकलेल्या नंबरशी जुळतो का ते बघा आणि मग हा हिशेब करा:

कार्बन समतुल्य = कार्बन + मँगनीज ÷ ६ + (क्रोमियम + मोलिब्डेनम + व्हॅनेडियम) ÷ ५ + (निकेल + तांबे) ÷ १५

सगळे आकडे टक्क्यांत घ्यायचे. समजा एस ६९० जातीच्या प्लेटच्या टीसीवर कार्बन ०.१६, मँगनीज १.३, क्रोमियम ०.४, मोलिब्डेनम ०.३, व्हॅनेडियम ०.०३, निकेल ०.३ आणि तांबे ०.१ असं लिहिलं आहे. उत्तर येतं सुमारे ०.५५. ढोबळ अंदाज असा: ०.४० च्या खाली आणि प्लेट पातळ असेल तर फारशी चिंता नाही, ०.४० ते ०.४५ मध्ये जाडी बघून सावध राहायचं, आणि ०.४५ च्या वर गेलात की या लेखातली प्रत्येक पायरी लागू. आयएस २०६२ मधली ई २५० प्लेट आणि ई ४५० प्लेट रॅकवर शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच. फरक फक्त त्या कागदावर कळतो.

जाडीही तेवढीच महत्त्वाची. जाड प्लेट उष्णता पटकन ओढून घेते, बीड झपाट्याने थंड होते आणि पट्टा अधिक कडक होतो. टी-जोडात उष्णतेला तीन वाटा मिळतात, बट जोडात दोनच. म्हणून एकाच जाडीला टी-जोड जास्त धोक्याचा.

पायरी २: रॉड निवडताना दोन आकडे बघा

पहिला आकडा ताकदीचा. ई ७०१८ मधले ७० म्हणजे चौरस इंचाला ७० हजार पौंड ताण सोसण्याची ताकद. ६९० मेगापास्कलच्या प्लेटला बरोबरीचा रॉड हवा असेल तर ई ११०१८ लागतो. पण प्रत्येक जोडाला बरोबरीची ताकद लागतेच असं नाही. डिझाइनरने लेखी मान्य केलं असेल तर फिलेटला (कोपऱ्यातल्या तिकोनी बीडला) किंवा रूट रनला (जोडाच्या तळातल्या पहिल्या बीडला) मुद्दाम कमी ताकदीचा ई ७०१८ किंवा ई ८०१८ वापरतात. मऊ धातू ओढ लागली की थोडा ताणला जातो आणि कडक पट्ट्यावरचा भार हलका करतो. माझं मत विचाराल तर, जिथे परवानगी आहे तिथे हा मार्ग घ्यावा. 'जास्त मजबूत रॉड म्हणजे जास्त चांगलं काम' हा समज या पोलादात नुकसान करतो.

दुसरा आकडा हायड्रोजनचा. तो शेवटी एच४, एच८, एच१६ असा लिहिलेला असतो. १०० ग्रॅम वेल्ड धातूत जास्तीत जास्त इतके मिलिलिटर हायड्रोजन, असा त्याचा अर्थ. युरोपीय खुणांमध्ये एच५, एच१० असतं. उच्च ताकदीच्या पोलादाला एच४ किंवा एच५ मागा. आकड्यानंतर आर असेल तर तो रॉड हवेतला ओलावा हळू शोषतो. पावसाळ्यात त्याचे पैसे वसूल होतात. शॉपमध्ये सर्रास वापरला जाणारा ई ६०१३ चालवायला गोड आहे, पण त्याच्या लेपातच ओलावा असतो आणि वेल्डमध्ये हायड्रोजन २० मिलिलिटरच्या पुढे सहज जातो. या प्लेटला तो टॅकसाठीसुद्धा (जुळवणीच्या छोट्या वेल्डसाठी) लावू नका. सेल्युलोजचा ई ६०१० त्याहून वाईट.

मिग-मॅगची भरीव वायर मुळातच कमी हायड्रोजनची, फक्त ती गंजलेली नको आणि रात्री स्पूल मशीनवर उघडा ठेवायचा नाही. फ्लक्स भरलेली वायर ओलावा धरते. ती तिच्या मूळ बंद पिशवीत ठेवा. आर्कभोवती सोडायचा गॅस 'वेल्डिंग ग्रेड'चाच हवा, आणि गॅसचा पाइप आतून ओला किंवा चिरलेला नाही हे बघा. सबमर्ज्ड आर्कचा (फ्लक्सच्या थराखाली चालणाऱ्या वेल्डिंगचा) फ्लक्सही रॉडइतकाच सुकवावा लागतो.

पायरी ३: रॉड सुकवा, आणि सुका ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. म्हणून इथे जरा थांबू.

लो हायड्रोजन रॉडचा लेप स्पंजासारखा असतो. कोकणात किंवा कोल्हापूरकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस नव्वदीत असते. अशा हवेत उघडा रॉड तासातासाला पाणी पितो. वरून हात लावला तर कोरडाच लागतो. त्यामुळे डोळ्यांवर आणि बोटांवर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा.

काम असं चालतं. नवा डबा फोडला की रॉड बेकिंग ओव्हनमध्ये जातात. ई ७०१८ साठी अमेरिकन संहितेत २६० ते ४३० अंशांवर निदान दोन तास सांगितलं आहे. ई ८०१८ पासून ई ११०१८ पर्यंतच्या जास्त ताकदीच्या रॉडना ३७० ते ४३० अंशांवर निदान एक तास. कंपनीने डब्यावर वेगळा आकडा छापला असेल तर तो पाळा. तास मोजायचे ते ओव्हनने ते तापमान गाठल्यापासून, स्विच लावल्यापासून नव्हे. रॉड पातळ थरांत पसरा. पूर्ण पुडका तसाच आत ठेवला तर मधले रॉड कोमटच राहतात. आणि कृपा करून प्लास्टिकची पिशवी काढा.

तिथून रॉड होल्डिंग ओव्हनमध्ये जातात. तो १२० अंशांच्या खाली येऊ द्यायचा नाही, रात्रीसुद्धा नाही. वीजबिल वाचवायला रात्री ओव्हन बंद करणारे शॉप मी पाहिले आहेत. सकाळपर्यंत आतली गार दमट हवा रॉडमध्ये मुरलेली असते.

वेल्डरकडे पोर्टेबल ओव्हन हवा आणि तो प्लगला लावलेला हवा. प्लग न लावलेला पोर्टेबल ओव्हन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्यातून एका वेळी एकच रॉड काढायचा. बाहेर उघड्यावर किती वेळ चालतो तेही ठरलेलं आहे: ई ७०१८ चार तास, ई ८०१८ दोन तास, ई ९०१८ एक तास, ई १००१८ आणि ई ११०१८ फक्त अर्धा तास. मुदत संपलेले रॉड वेगळे ठेवा, पुन्हा बेक करा, पण एकदाच. दुसऱ्यांदा मुदत उलटली की ते या कामातून बाद. आणि पाण्यात भिजलेला रॉड थेट भंगारात. तो बेक करून वाचत नाही.

आता एक सवय. रॉड प्लेटला चिकटवून, शॉर्ट करून लाल होईपर्यंत तापवायचा आणि 'सुकला' म्हणायचं. असं करणारे उस्ताद तुम्हाला भेटतील, त्यांचा हातही चांगला असेल. पण असं केल्याने होल्डरजवळचं टोक जळतं, लेपाला चिरा जातात, तो सुटतो आणि ओलावा मात्र पुरता जात नाही. उन्हात वाळवणं किंवा बल्बखाली ठेवणं तर उपयोगाचंच नाही. लेपातलं पाणी नुसतं वर बसलेलं नसतं, रसायनात बांधलेलं असतं. ते सुटायला भट्टीचीच उष्णता लागते.

पायरी ४: कड साफ करा

गंजात पाणी असतं, तेलात आणि रंगात हायड्रोजन असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान २५ मिमीपर्यंत धातू चकचकीत दिसेल इतकं ग्राइंडिंग करा. त्याआधी तेल पुसा, कारण तेलावर ग्राइंडर फिरवला तर ते आणखी पसरतं. कटिंग ऑइल, मार्किंगचा रंग, रस्ट प्रिव्हेंटिव्ह, गॅल्व्हनाइझिंग सगळं निघालं पाहिजे.

गॅसने कापलेली कड आधीच कडक झालेली असते. तिच्यावरचा काळा थर आणि खाली थोडा धातूही ग्राइंड करून काढा. जाड प्लेट गॅसने कापतानासुद्धा प्रीहीट लागू शकतो, नाहीतर कापलेल्या कडेलाच तडा जातो आणि दोष वेल्डिंगवर येतो.

पायरी ५: प्रीहीट

प्रीहीट केल्याने बीड हळू थंड होते. त्यामुळे पट्टा कमी कडक होतो आणि हायड्रोजनला निसटायला वेळ मिळतो. एका दगडात दोन पक्षी. किती तापवायचं ते डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंग कसं करायचं ते ठरवून देणाऱ्या कागदात) लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं. पण तो आकडा कुठून येतो हे माहीत असलं की तुम्ही तो टाळणार नाही.

युरोपीय पद्धतीत यासाठी एक सूत्र आहे. त्यात चार गोष्टी घालतात: पोलादाची रचना, जाडी, वेल्डमधला हायड्रोजन आणि उष्णता पुरवठा. वरच्या टीसीच्या २५ मिमी प्लेटसाठी, १.५ किलोज्यूल प्रति मिलिमीटर उष्णतेवर, मी तो हिशेब केला. रॉड एच५ च्या दर्जाचा असेल तर प्रीहीट सुमारे १०३ अंश येतो. तोच रॉड ओला होऊन हायड्रोजन १५ मिलिलिटरवर गेला तर १५४ अंश लागतो. रॉड कोरडा ठेवून प्लेट ५० मिमीची घेतली तर १४७ अंश. म्हणजे रॉडचा डबा उघडा ठेवल्याने प्लेट जवळपास दुप्पट जाड झाल्यासारखंच होतं. तुम्ही मात्र १०३ वरच वेल्डिंग करत असता, कारण कागदावर तेच लिहिलेलं असतं.

तापवताना एक दृश्य दिसेल. एलपीजीची ज्योत लावली की प्लेटवर पाण्याचे थेंब उमटतात. प्लेट घाम सोडते असं म्हणतात, पण ते पाणी प्लेटच्या आतलं नसतं. गॅस जळताना जी वाफ होते ती गार धातूवर जमते. तो घाम दिसतो तोवर प्रीहीट सुरूही झालेला नाही. तो उडून गेल्यावर पुढे तापवत राहायचं. हवेत दमटपणा फार असेल तर काही मिल ठरल्या आकड्याच्या वर आणखी २५ अंश वाढवायला सांगतात. पावसाळ्यात मला हा सल्ला पटतो.

ज्योत एका ठिकाणी धरू नका, पसरट बर्नर वापरा. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान ७५ मिमीचा पट्टा तापलेला हवा. प्लेट ७५ मिमीपेक्षा जाड असेल तर जाडीएवढा. शक्य असेल तर उलट्या बाजूने तापवा आणि वेल्डिंगच्या बाजूने मोजा. त्याच बाजूने तापवावं लागलं तर ज्योत काढून, दर २५ मिमी जाडीला दोन मिनिटं थांबून मग मोजा. लगेच मोजलं तर फक्त कातडी गरम असते, पोट थंड.

मोजायला थर्मल चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) स्वस्त आणि खरा. दोन चॉक खिशात ठेवा, एक कमीत कमी तापमानाचा, दुसरा दोन रनमधल्या जास्तीत जास्त तापमानाचा. पहिला वितळला पाहिजे, दुसरा वितळता कामा नये. चॉकची खूण जोडाच्या आत ओढू नका, बाजूला ओढा. इन्फ्रारेड गन सोयीची, पण ग्राइंड केलेल्या चकचकीत पृष्ठभागावर ती तापमान कमी दाखवते. गन वापरायचीच असेल तर काळ्या भागावर धरा.

पायरी ६: टॅक म्हणजेही वेल्डिंगच

फिटरने लावलेला टॅक हा जॉबवरचा सगळ्यात धोकादायक वेल्ड असतो. लहान बीड, खाली थंड जाड प्लेट, क्षणात थंड होणारा धातू. त्यामुळे टॅकला तोच रॉड, तोच प्रीहीट, आणि लांबी निदान ५० मिमी. तडकलेला टॅक वरून रन मारून झाकू नका. तो पूर्ण ग्राइंड करून काढा.

उचलायचे लग, तात्पुरत्या पट्ट्या, अर्थिंगचा तुकडा यांनाही हाच नियम. प्लेटवर रॉड घासून आर्क पेटवू नका. तो ठिपका म्हणजे चिमूटभर जागेवर केलेलं हार्डनिंगच. जोडाच्या आतच पेटवा. चुकून ठिपका पडला तर ग्राइंड करा आणि डीपी मारा.

लहान वेल्डकडे दुर्लक्ष केल्याची किंमत २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात कळली. अलेक्झांडर किएलँड नावाचा तरंगता तळ वादळात उलटला आणि २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका आडव्या नळीवर बसवलेल्या यंत्राच्या छोट्या धारकाच्या फिलेट वेल्डमध्ये. त्या तड्याच्या आत रंग मिळाला. म्हणजे यार्डात रंग मारला तेव्हाच तडा तिथे होता. धारक नगण्य समजला गेला होता, पण ज्या नळीवर तो बसवला ती नगण्य नव्हती.

पायरी ७: वेल्डिंग

उष्णता पुरवठा असा काढतात: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाचा वेग मिलिमीटरमध्ये गुणिले १०००. हाताच्या रॉडला उत्तर ०.८ ने गुणायचं. २४ व्होल्ट, १७० अँपिअर आणि मिनिटाला १३० मिमी वेग असेल तर १.५ किलोज्यूल प्रति मिलिमीटर येतात. शॉपमध्ये वेग मोजायला घड्याळ घेऊन कोणी उभं राहत नाही, म्हणून सोपा उपाय करा. एका रॉडमध्ये किती मिलिमीटर बीड पडते ते मोजा. डब्ल्यूपीएसच्या चाचणीत जेवढी पडली होती तेवढीच पडायला हवी. जास्त लांब पडली तर तुम्ही घाईत आहात आणि बीड लवकर थंड होते आहे.

उलट बाजूलाही मर्यादा आहे. क्वेंच आणि टेम्पर करून (तापवून झटकन थंड करून, मग पुन्हा बेताने तापवून) बनवलेल्या प्लेटला जास्त उष्णता दिली, रुंद झुलवत बीड टाकली, तर प्लेटची ताकद आणि चिवटपणा जातो. दोन रनमधलं तापमान बहुतेक मिल २०० ते २२५ अंशांच्या आसपास थांबवतात. सरळ, अरुंद रन मारा.

रूट रन मारून जेवायला जाऊ नका. पातळ रूटवर सगळ्या जोडाची ओढ एकवटलेली असते. दुसरा आणि तिसरा रन लगोलग मारा, निदान एक तृतीयांश जाडी भरेपर्यंत जॉब थंड होऊ देऊ नका. वीज गेली किंवा पाळी संपली तर बर्नर चालू ठेवा किंवा सिरॅमिक ब्लँकेटने झाका. पुन्हा सुरू करताना प्रीहीट पहिल्यापासून.

फिटअपमध्ये फट जास्त असेल तर ती रॉडने भरून काढायचा मोह आवरा. फट वाढली की ओढ वाढते. आधी जास्त आकसणारे जोड, नंतर कमी आकसणारे. जॉब चारही बाजूंनी जखडू नका, एका बाजूला हलायला मोकळीक द्या. क्रेटर (बीडच्या शेवटी राहणारा खड्डा) भरून मगच आर्क तोडा.

पायरी ८: लगेच सोडून देऊ नका

शेवटचा रन झाल्यावर जॉब प्रीहीटच्या तापमानाखाली जायच्या आत पोस्टहीट करतात. साधारण २०० ते २५० अंशांवर दोन तास, जाड जोडाला त्याहून जास्त. या तापमानाला हायड्रोजन भराभर बाहेर निघतो. प्रत्येक कामाला हे लागत नाही, पण जाडी, ताकद आणि जखडण तिन्ही जास्त असतील तर माझ्या मते यावर वाद घालू नये. हे म्हणजे पीडब्ल्यूएचटी नव्हे. ताण काढायची ती प्रक्रिया पाचशे-सहाशे अंशांच्या घरात होते आणि तिचे नियम वेगळे. हार्डॉक्ससारख्या झीजरोधक प्लेटला मात्र जपा. ती २५० अंशांच्या वर गेली की तिचा कडकपणाच उतरतो.

पोस्टहीट नसेल तर निदान ब्लँकेट गुंडाळून हळू थंड होऊ द्या. पंख्याखाली, उघड्या दारात किंवा पावसाच्या झोताच्या वाटेत गरम जॉब ठेवू नका. लवकर रंगवता यावं म्हणून पाणी मारणाऱ्यांना तिथेच थांबवा.

पायरी ९: ४८ तास

उच्च ताकदीच्या क्वेंच आणि टेम्पर प्लेटला अमेरिकन संहिता वेल्डिंग पूर्ण झाल्यावर ४८ तास थांबून मगच स्वीकाराची तपासणी करायला सांगते. शनिवारी संध्याकाळची डीपी या हिशेबात मोजत नाहीत. डिस्पॅचची तारीख ठरवतानाच हे दोन दिवस धरा.

कुठे बघायचं? बीडच्या कडेला, रूटमध्ये, आणि बीडच्या खाली प्लेटच्या आत. शेवटचा वरून दिसतच नाही, त्याला अल्ट्रासॉनिक लागते. कडेच्या तड्याला मॅग्नेटिक पार्टिकल उत्तम. खूप मजबूत रॉड वापरला असेल तर तडा बीडमध्येच आडवा जातो, तोही शोधा. बीडच्या मधोमध लांबीने गेलेला, उघडल्यावर आतून निळसर-काळा दिसणारा तडा मात्र वेगळा. तो धातू गोठतानाच पडलेला गरम तडा असतो आणि त्याचं कारण बीडचा आकार किंवा गंधक अशांत असतं. हायड्रोजनचा तडा आतून चकाकतो, कारण तो थंड झाल्यावर उघडलेला असतो.

सापडलेला तडा कधी 'चालून जाईल' असं म्हणून सोडू नये. मेलबर्नचा किंग स्ट्रीट पूल १९६१ मध्ये खुला झाला. १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी ४५ टनांची एक गाडी त्यावरून गेली आणि गर्डर फाटले. उच्च ताकदीच्या पोलादाच्या त्या गर्डरवर जोडपट्ट्यांच्या टोकांना आडव्या फिलेट बीड होत्या, आणि तिथले तडे पूल वापरात येण्याआधीपासूनचे होते. खालच्या भिंतींनी तो स्पॅन धरून ठेवला म्हणून माणसं वाचली.

पायरी १०: तडा सापडलाच तर

आधी दोन्ही टोकं शोधा. दिसतो त्याहून तडा लांब असतो. दोन्ही टोकांच्या पुढे निदान ५० मिमीपर्यंत धातू काढायचा आहे असं धरून खूण करा. गाउजिंग (आर्कने धातू खरवडून काढणं) करताना प्रीहीट लागतो. थंड प्लेटवर गाउजिंग केलं तर जुना तडा पुढे पळतो. मग गाउजिंगचा काळा थर ग्राइंडरने काढा आणि डीपी मारून तडा पूर्ण गेला याची खात्री करा. डीपीचं द्रव तेलकट असतं, ते पूर्ण पुसून, जॉब तापवून उडवा. नाहीतर हायड्रोजन आपणच परत आत घालतो.

दुरुस्तीच्या जागी ओढ पहिल्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे प्रीहीट थोडा वाढवून घ्या, साधारण २५ ते ५० अंश, पण दोन रनमधल्या मर्यादेच्या आत राहून आणि डब्ल्यूपीएस बघणाऱ्या इंजिनिअरच्या सहीने. रॉड थेट ओव्हनमधून. जिथे तापवणं शक्यच नाही तिथे ३०७ जातीचा ऑस्टेनिटिक रॉड हा एक पर्याय आहे. त्याच्या धातूत हायड्रोजन मावतो आणि सहजासहजी बाहेर सरकत नाही, त्यामुळे प्लेटचा कडक पट्टा वाचतो. मात्र त्या वेल्डची ताकद कमी असते आणि अल्ट्रासॉनिक तपासणी अवघड होते, म्हणून तो मुख्य भार घेणाऱ्या जोडात लावायचा निर्णय वेल्डरने एकट्याने घेऊ नये.

दुरुस्तीनंतर पुन्हा ४८ तास थांबा. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा आला तर तिसरा प्रयत्न करू नका. ओव्हनचा थर्मामीटर खरा दाखवतो का ते दुसऱ्या थर्मामीटरने तपासा, रॉडची नोंदवही काढा, त्या आठवड्याचे डबे कोणत्या दिवशी फोडले ते विचारा, आणि टीसी त्याच प्लेटची आहे का ते हीट नंबर लावून बघा. आमच्या त्या चार ब्रॅकेटचं कारण असंच, नोंदवहीच्या एका रिकाम्या ओळीत सापडलं होतं.